डाळपुरी, कोतोमिली आणि आईचे बावीस हंगाम

पोस्ट मोठी आहे. एका दमात झाली नाही तर दोनदा वाचा. फिरून आल्याचे फोटो टाकून झाले, त्याखाली "मजा आहे सर तुमची" हेही वाचून झालं. फोटोत जे आलं नाही ते आता लिहितो.

दिवाळीच्या सुट्टीत मॉरिशसला गेलो होतो. मी आणि आई. माझा भाचा तिथं एका हॉटेलात कूक आहे, करारावर. हॉटेल मॅनेजमेंट केलं, पुण्यात चार वर्षं कढया घासल्या आणि मग तिकडं गेला. "मामा, आज्जीला घेऊन या, अर्ध्या तिकिटाचं मी बघतो," असा वर्षभर मागं लागला होता. आईचा पासपोर्ट काढताना जन्मतारखेचा जो घोळ झाला तो वेगळ्या पोस्टचा विषय आहे. भारतीयांना तिथं आधीच व्हिसा काढून जावं लागत नाही आणि मुंबईहून विमान सहा-साडेसहा तासांत पोचवतं. केजहून रात्रीच्या ट्रॅव्हल्सनं मुंबई गाठायला त्याहून जास्त वेळ लागतो.

देश केवढा, तर बेटं सगळी धरून सुमारे दोन हजार चाळीस चौरस किलोमीटर. आपला बीड जिल्हा दहा हजार सहाशेच्या वर आहे. म्हणजे आपल्या जिल्ह्याचे पाच तुकडे केले तर त्यातल्या एका तुकड्याएवढा देश. लोकसंख्या बारा-साडेबारा लाख, आपल्या जिल्ह्याच्या निम्म्याच्या आसपास.

आईला जे ओळखत नाहीत त्यांच्यासाठी सांगतो. आई आणि आण्णांनी मिळून बावीस हंगाम ऊस तोडला. आधी कृष्णाकाठी, शेवटची काही वर्षं कर्नाटकात. मी आजीपाशी राहून शिकलो आणि जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर झालो. आण्णा आता नाहीत. आई माळकरी आहे, वारी चुकवत नाही. तिला समुद्र बघायचा नव्हता. "तिथं खायचं काय?" हा तिचा एकच प्रश्न होता, म्हणून बॅगेत शेंगदाण्याच्या चटणीचे दोन डबे गेले.

पहिल्याच दिवशी पोर्ट लुईला, म्हणजे राजधानीला गेलो. तिथल्या मोठ्या बाजाराबाहेर एक माणूस मोटारसायकलच्या मागं काचेची पेटी लावून उभा. पेटीत पातळ, मऊ, पिवळसर पोळ्यांची चळत. तो दोन पोळ्या उचलतो, त्यावर मोठ्या पांढऱ्या घेवड्याच्या दाण्यांची रस्साभाजी, टोमॅटोचं कालवण, हिरवी चटणी आणि लोणचं घालतो, गुंडाळी करून कागदात देतो. याला म्हणतात डाळपुरी. हिंदू, मुसलमान, आफ्रिकी वंशाचे, चिनी वंशाचे, सूट घातलेले आणि सिमेंटनं माखलेले, सगळे एका रांगेत.

आईनं एक घास घेतला, चावला, मग वरची पोळी उचलून आत काय आहे ते बघितलं. म्हणाली, "पुरण हाय की ह्यात. गूळ इसरलेत."

भाच्यानं समजावलं. डाळ पिवळ्या वाटाण्याची. हळद घालून शिजवायची, बारीक वाटायची आणि मैद्याच्या उंड्यात भरून लाटायची. पद्धत बिहारकडून आलेल्या मजुरांची. आईला तेवढ्यानं पटलं नाही. "आन् येळवणी काय करतेत? फेकून देतेत का?" भाचा म्हणाला, "नाही आज्जी, त्याच पाण्यात पीठ मळतात." आई खूश. "मग बाया शाण्या हायेत."

त्या एका उत्तरानंतर आईला तो देश परका वाटेनासा झाला, हे मी बघितलं. बाजारात ती पुढं आणि आम्ही मागं. त्यांची रोजची भाषा क्रिओल, म्हणजे फ्रेंच मोडून-वाकवून झालेली. पण भाजीच्या ढिगापाशी उभं राहिलं की आपलेच शब्द कपडे बदलून आल्यासारखे भेटतात. कोथिंबिरीला कोतोमिली. चटणीला सातिनी. पराठ्याला फराता. कढीपत्त्याला कारीपुले. शेवग्याच्या पाल्याला ब्रेड मुरूम, त्यांच्याकडं पालेभाजीला ब्रेड म्हणतात. भेंडीचं लालो कसं झालं ते मला कळलं नाही. टोमॅटोला पोम दामूर, म्हणजे प्रेमाचं फळ. हे आईला सांगितल्यावर ती इतकी हसली की टोमॅटोवाली पण हसायला लागली. परवा घरी आईनं सुनेला सांगितलं, "दोन पिरमाची फळं घाल आमटीत." आता आमच्या घरात हेच चालू राहणार.

गातो पिमां नावाचा एक प्रकार आहे. शब्दाचा अर्थ मिरचीचा केक. प्रत्यक्षात ते आपले डाळीचे वडे. डाळ भिजवून भरड वाटायची, मिरची-कोथिंबीर घालायची, तळायची. सकाळी ते लांबट पावात लोणी लावून आत भरून खातात. पाव फ्रेंचांचा, वडा आपला. आलुदा म्हणजे आपला फालुदा, दुधात सब्जा आणि चायना ग्रासचे तुकडे. मी एक गोष्ट आईच्या नकळत खाल्ली, ऑक्टोपसचं विंदाय. हळद, मोहरी, व्हिनेगर, लसूण. गोव्यातल्या विंदालूचं हे लांबचं भावंड, मूळ पोर्तुगीजांचं. चव चांगली आहे, रबर चावल्याची तयारी ठेवावी लागते. आईला ही पोस्ट कुणी वाचून दाखवली तर हा परिच्छेद गाळावा, ही विनंती.

आता ज्यासाठी लिहायला बसलो ते.

भाच्याच्या किचनमध्ये एक पोरगा आहे, मराठी घरातला. त्यांच्या गावी, पश्चिमेकडच्या कास्कावेलला, रविवारी जेवायला बोलावलं. मॉरिशसमध्ये मराठी माणसं दीडशेहून जास्त वर्षांपासून आहेत. १८३४ पासून ब्रिटिशांनी तिथल्या उसाच्या मळ्यांसाठी करारावर हिंदुस्थानातून मजूर न्यायला सुरुवात केली. १९२० च्या दशकापर्यंत साडेचार लाखांच्या आसपास माणसं गेली. बहुतेक बिहारकडची, मग तमिळ आणि तेलुगू मुलखातली. मुंबई बंदरातूनही हजारो गेले, त्यातले बरेचसे रत्नागिरीकडचे. आपण त्या वेळी निजामाच्या राज्यात.

त्या पोराचं आडनाव म्हणजे आपल्याकडचं साधं पहिलं नाव. तिथं अनेकांचं तसंच आहे. कारकुनानं नाव लिहून घेतलं, पुढच्या पिढीला तेच आडनाव म्हणून चिकटलं. पवार, शिंदे, मोरे सगळे वहीतून गळाले.

घरात सत्तरीच्या पुढची त्याची आजी. तिचं मराठी लहानपणी ऐकलेलं, तुटक, मध्येच क्रिओल. पण "या, बसा" आपल्यासारखंच. आई तिला "आक्का" म्हणायला लागली आणि ती आईला "बाय". मला वाटलं होतं मधे उभं राहून दोघींचं बोलणं समजावून सांगावं लागेल. अर्ध्या तासानं मला कुणी विचारतच नव्हतं.

जेवण साधं. भात, पिवळी डाळ, शेवग्याचा पाला, वांगी-बटाटा, खोबऱ्याची सातिनी. सातिनी आक्कांनी आमच्यासमोर वाटली. अंगणात काळ्या दगडाचा पाटा आणि वरवंटा. पाट्याला त्यांच्यात रोस कारी म्हणतात आणि वरवंट्याला बाबा. बाबा म्हणजे तान्हं लेकरू. आई एकदम म्हणाली, "आमच्यात बी बारशाला वरवंट्याला कुंची घालून पाळण्याखालून देतेत." आक्कांना ते कळायला वेळ लागला. कळल्यावर त्यांनी वरवंटा धुतला, पदरानं पुसला आणि आईच्या हातात दिला. मग दोघी आळीपाळीनं वाटत बसल्या.

आईनं डबा उघडून शेंगदाण्याची चटणी वाढली. आक्कांनी बोटानं चाटली, डोळे मिटले, परत बोट लावलं. ज्वारी विचारली तर तिथं नाही. भाकरी हा शब्द आक्कांना माहीत होता, त्यांच्या आज्जीच्या तोंडून ऐकलेला. कशी लागते ते माहीत नव्हतं. आईला ही गोष्ट फार लागली. विमानात बसेपर्यंत ती म्हणत होती, "पीठ आणायला पायजे होतं रं."

गणपतीचा विषय निघाला. तिथं मराठी घरांतून गणपती बसतो. १८९६ साली हेन्रिएटा गावात एका मराठी कुटुंबानं सुरू केलेल्या गणपतीची आठवण आजही सांगतात. आता गणेश चतुर्थीला सगळ्या देशाला सुट्टी असते. कोकणातली जाखडी तिथं झाकरी या नावानं नाचतात. आक्कांच्या घरात लग्नाआधी गोंधळ घालायची पद्धत अजून आहे. शाळेत मुलं ऐच्छिक विषय म्हणून मराठी घेऊ शकतात. नातवानं मला स्वतःचं नाव देवनागरीत लिहून दाखवलं, अक्षर माझ्या सातवीतल्या निम्म्या पोरांपेक्षा बरं होतं. बोलता मात्र येत नाही.

जेवणं झाल्यावर आक्कांनी आईचा डावा हात हातात घेतला. अंगठ्याच्या खाली आणि मनगटावर जुने व्रण आहेत. ऊस तोडणाऱ्याचा डावा हात उसाला असतो आणि उजव्यात कोयता, त्यामुळं घाव चुकला की डाव्यावर येतो. आक्का काही बोलल्या नाहीत. स्वतःचा डावा हात शेजारी ठेवला. तेच व्रण, त्याच जागी.

"तुम्ही पण कान?" कान म्हणजे ऊस.

"व्हय. बावीस साल."

आक्का वीस-पंचवीस वर्षांपूर्वी सुटल्या. २००१ नंतर तिथल्या साखर कंपन्यांनी कामगार कमी करायला स्वेच्छानिवृत्तीची योजना आणली, त्यात रोख रक्कम आणि घरासाठी जमिनीचा तुकडा मिळाला. आम्ही बसलो होतो ते घर त्याच तुकड्यावरचं. आता त्यांच्या घरात कुणी उसात जात नाही. नातू स्वयंपाकी, नात बँकेत.

मग त्यांनी विचारलं, "तुमच्यात अजून लोक जातात? घर सोडून?"

आई म्हणाली, "आताच निघाल्यात टोळ्या. आमी आलो तवाच निघत व्हत्या."

"सगळं घर?"

"नवरा-बायको. लेकरं बी जातेत, न्हाईतर म्हाताऱ्याजवळ ऱ्हातेत."

आक्का नातवाकडं वळून क्रिओलमध्ये काहीतरी लांबलचक बोलल्या. नातवानं आम्हाला इंग्रजीत सांगितलं की आज्जीला वाटलं होतं हे इंग्रज गेल्यावर संपलं. मी मास्तर आहे, बोलण्याची सवय आहे, पण त्या वेळी मला काही बोलता आलं नाही. आईनं "संपलंय का कुठं आक्का" एवढंच म्हटलं आणि पाटा धुवायला उठली.

परत येताना रस्त्याच्या दोन्ही बाजूंना ऊस. तिथला हंगाम जून ते डिसेंबर, तोड चालू होती. जिथं दगड फार तिथं यंत्र चालत नाही, माणसंच तोडतात. शेतांच्या मधोमध काळ्या दगडांचे मोठमोठे ढीग उभे आहेत, काही घराएवढे उंच. जमीन उसाखाली आणण्यासाठी मजुरांनी हातानं वेचलेले ते दगड. आईनं गाडी थांबवायला लावली, एक दगड उचलून बघितला. "हा तर आपल्या माळावरचाच."

आई बरोबर होती. भूगोल शिकवतो म्हणून सांगतो. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी दख्खनचं पठार ज्या लाव्ह्यानं बनलं, त्याचा उगम पृथ्वीच्या पोटातल्या ज्या तप्त जागेवर होता असं शास्त्रज्ञ मानतात, त्याच जागेवर कितीतरी नंतर, ऐंशी लाख वर्षांच्या आसपास, मॉरिशस वर आलं. जमीन सरकत राहिली, आपण उत्तरेला आलो, तो चूल्हा तिथंच राहिला. धनेगावच्या धरणाकडं जाताना दिसणारा काळा पाषाण आणि आक्कांचा पाटा एकाच घरचे. सातवीच्या वर्गात आता हे मी वेगळ्या पद्धतीनं शिकवणार आहे.

शेवटच्या दिवसांत पोर्ट लुईचा आप्रवासी घाट बघितला. पूर्वी याला कुली घाट म्हणायचे. बोटीतून उतरलेले मजूर आधी इथं ठेवायचे, मग मळ्यांवर वाटायचे. २००६ पासून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे. ताजमहालाच्या यादीत हा घाट आहे म्हटल्यावर मला काही भव्य बघायला मिळेल असं वाटलं होतं. दगडी भिंती, स्वयंपाकाची जागा, आणि समुद्राकडून वर येणाऱ्या पायऱ्या. बस. २ नोव्हेंबर हा पहिली तुकडी पोचल्याचा दिवस, त्या दिवशी देशाला सुट्टी असते आणि त्या पायऱ्यांवर फुलं वाहतात. त्या पहिल्या बोटीतून, १८३४ मध्ये, छत्तीस माणसं उतरली होती.

शेजारच्या संग्रहालयात मी वाचत होतो आणि आईला सांगत होतो. करार पाच वर्षांचा. सुरुवातीच्या काळात निघायच्या आधी काही महिन्यांचा पगार आगाऊ. आई म्हणाली, "उचल." मळ्यावर मजुरांवर देखरेख करणारा त्यांच्यातलाच माणूस, त्याला सरदार म्हणत. "मुकादम." धान्य मळ्यावरून, तांदूळ, डाळ, मीठ, तेल. राहायला गवताच्या खोपटी. "कोप्या." मग एक नियम आला, डबल कट. एक दिवस कामावर आलं नाही तर दोन दिवसांचा पगार कापायचा.

आई थांबली. "हे तर खाडा."

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी. खाडा म्हणजे ऊसतोडीत एक दिवस न जाणं. आजारपण असो, बाळंतपण असो, त्या दिवसाची मजुरी जातेच, वर दंड उचलीत मांडला जातो. नवरा-बायको मिळून एक कोयता मोजला जातो, त्यामुळं बाई आजारी पडली की दोघांचाही दिवस जातो. त्या रात्री हॉटेलवर आई आपणहून बोलली. पिशवी काढली तेव्हा ती चौतीस वर्षांची होती. पोटात दुखायचं, पाळीत खाडे व्हायचे, एका डॉक्टरनं सांगितलं काढून टाका म्हणजे कटकट मिटेल, आणि उचल घेऊन ऑपरेशन झालं. दीड महिन्यात परत फडात. हे मला आजवर माहीत होतं आणि माहीत नव्हतंही. २०१९ साली नीलम गोऱ्हे यांच्या समितीनं आपल्या जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड महिलांची माहिती घेतली, त्यातल्या १३,८६१ जणींचं गर्भाशय काढलेलं निघालं. तो आकडा मी तेव्हा स्टाफरूममध्ये मोठ्यानं वाचला होता. आईला एका शब्दानं विचारलं नव्हतं.

घाटाकडं परत येतो. मॉरिशसमध्ये १८७१ साली नऊ हजारांहून जास्त मजुरांनी एका अर्जावर सह्या-अंगठे दिले, त्यांच्या बाजूनं उभा राहिलेला मळेवाला युरोपियन होता, आदोल्फ द प्लेविट्झ. त्यानंतर इंग्लंडहून चौकशी आयोग आला. त्रास लगेच संपला नाही, पण कागद झाला. आणि कागदच तिथं मला सगळ्यात जास्त दिसला. उतरलेल्या प्रत्येक माणसाची नोंद. नाव, बापाचं नाव, जात, वय, उंची, अंगावरची खूण, गाव, बोटीचं नाव, आणि एक नंबर. पुढं पुढं फोटोसुद्धा. हे सगळं इंग्रजांनी माणूस पळून जाऊ नये म्हणून केलं, प्रेमानं नाही. पण आज ती रजिस्टरं मोका इथल्या महात्मा गांधी संस्थेत जपून ठेवली आहेत आणि पणतू-खापरपणतू तिथं जाऊन आपल्या माणसाचा उतारा काढतात, मग तो घेऊन बिहारात, कोकणात गाव शोधत येतात. त्या देशाचे पहिले पंतप्रधान शिवसागर रामगुलाम अशाच एका करारी मजुराचा मुलगा.

एका भिंतीवरच्या फोटोतल्या बायकांकडं आई बराच वेळ बघत होती. मग म्हणाली, "माझा नंबर कुठं आसंल रं?"

मी म्हटलं, तू इथली नाहीस.

"इथला नाई म्हनत. आपला. बावीस साल गेलो की आमी. कुठंतरी लिहिलं आसंल."

मुकादमाच्या वहीत आण्णांचं नाव असेल, पुढं उचल, वजावट, बाकी. आईचं नाव तिथंही नसणार, कारण कोयता नवऱ्याच्या नावानं लागतो. रेशनकार्ड गावी, मतदान यादी गावी, आणि वर्षातले सहा महिने ही माणसं जिथं असायची तिथं कुठल्याच कागदावर नाहीत. कारखान्याच्या लेखी मजूर मुकादमाचे, मुकादमाच्या लेखी मजूर उचलीचे. आता गोपीनाथ मुंडे यांच्या नावानं महामंडळ झालंय, ग्रामसेवकांमार्फत नोंदणी आणि ओळखपत्र देण्याचं ठरलं, मुलांसाठी वसतिगृहं सुरू झाली. चांगलं आहे, आणि जिथं काम होतंय तिथं मी नावं ठेवणार नाही. पण माझ्या वर्गात दिवाळीनंतर अकरा पोरं कमी आहेत आणि त्यातल्या सहा जणांचे आई-बाप नेमके कुठल्या जिल्ह्यात आहेत हे त्यांच्या आजीलाही सांगता येत नाही. "कर्नाटक" एवढाच पत्ता.

आणि जे थकून घरी बसले त्यांची तर नोंदणी होणारच नाही. ते आता कामगारच नाहीत.

मॉरिशस म्हणजे स्वर्ग असं मी म्हणत नाही. तिथं आज कारखान्यांत, बांधकामावर बांगलादेशी, नेपाळी, मादागास्करची आणि आपलीही पोरं करारावर राबतात, त्यांच्या तक्रारी भाच्यानं सांगितल्या त्या ऐकून पोट भरलं. भाच्याचा करार मी स्वतः वाचला. पगार, तास, सुट्टी, सगळं लिहिलेलं आहे आणि शेवटी सही. आईनं मला तो मोठ्यानं वाचायला लावला आणि विचारलं, "खाडा किती?" आजारपणाची पगारी रजा आहे असं सांगितलं तर तिचा विश्वास बसेना.

परत आलो त्या रात्री केजच्या चौकात दोन ट्रक उभे होते. भांडी, गोधड्या, दोन शेळ्या, एका बाईच्या मांडीवर झोपलेलं लेकरू. आई रिक्षातून उतरली, बॅग तिथंच टाकली आणि उरलेला चटणीचा डबा त्या बाईला देऊन आली. कुठली, कुणाची, काही विचारलं नाही. मी विचारलं तर म्हणाली, "लागंल तिला. पयले आठ दिस कोरड्यासाला काई नसतं."

मी दोनशे पानी रजिस्टर आणलं आहे. रकाने असे पाडलेत: नाव (बाईचं वेगळ्या ओळीत, नवऱ्याच्या खाली नाही), गाव, पहिला हंगाम, शेवटचा हंगाम, कारखाने, मुकादमाचं गाव, लेकरं कुठं राहिली, आजारपण-ऑपरेशन सांगायचं असेल तर, आणि फडात काय खायचो. शेवटचा रकाना आईच्या सांगण्यावरून. सुरुवात माझ्या गावापासून करतोय, रोज संध्याकाळी दोन घरं. केज तालुक्यातल्या ज्या मास्तरांना, ग्रामपंचायत सदस्यांना, कॉलेजच्या पोरांना आपापल्या गावात हे करायचंय त्यांनी मेसेज करा, रकान्यांचा फोटो पाठवतो. पैसे लागत नाहीत, वही आणि संध्याकाळ लागते. ज्यांचे आई-वडील गेलेले आहेत त्यांचीही नावं लिहायची आहेत. कुणाकडं मुकादमाची जुनी वही, चिठ्ठी, कारखान्यावरचा एखादा फोटो असेल तर टाकून देऊ नका.

पहिलं नाव आईचं लिहिलं. साल विचारलं तर तिला सांगता येईना. ती बोटं मोजत होती. "तू रांगत व्हतास तवा पयल्यांदा गेलो. ताई झाली ती फडातच, त्या सालाला खोडव्यात व्हतो. भूकंप झाला तवा आमी घरी व्हतो, मंजी निघालो नव्हतो." लातूरचा भूकंप ३० सप्टेंबर १९९३. तिथून मागं-पुढं मोजत आम्ही बावीसपैकी एकोणीस हंगाम जुळवलेत. तीन राहिलेत. ती रोज सकाळी भाकरी थापताना एखादं नाव सांगते, मी लिहून ठेवतो.